आधी पाड्याचं पंचांग, मग डोंगराचा आराखडा

वनहक्काची ग्रामसभा जानेवारीत ठेवू नये. ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर सामूहिक वनहक्काचे, म्हणजे गाव पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेल्या जंगलावरच्या कायदेशीर हक्काचे दावे करताना आणि पुढे त्याच जंगलाच्या राखणीत लोकांबरोबर काम करताना आम्ही जे शिकलो, त्यात पहिलं वाक्य हेच लिहावं लागेल. दिवाळी सरली की कातकरी वाडी ओस पडते. भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांची उचल (आगाऊ मजुरी) पावसाळ्यातच घेतलेली असते. ती फेडायला घरंच्या घरं कुलूप लावून जातात आणि मे संपता संपता परततात. जून पेरणीचा, जुलै आवणीचा, म्हणजे भाताच्या रोपलावणीचा. सगळा पाडा एका जागी निवांत बसू शकतो तो काळ आवणी आटोपल्यापासून, म्हणजे साधारण नागपंचमीनंतर, भातकापणी सुरू होईपर्यंतचा. जेमतेम दोन-अडीच महिने. सरकारी कामाच्या तारखा मात्र मार्चअखेरच्या हिशेबाने पडतात. दावा असो की रोपवन, बहुतेक वेळा काम अडतं ते इथेच.

गणपूर्तीचा नियम कडक आहे आणि तो तसाच हवा. २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम २००८ मध्ये आले आणि २०१२ मध्ये सुधारले. त्यानुसार ग्रामसभेच्या एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया पाहिजेत. दाव्याचा ठराव असेल तर दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे समोर बसलेले हवेत. जानेवारीत सभा घेतली की काय होतं ते ठरलेलं आहे. तीस-चाळीस माणसं जमतात, सभा होते, मग कुणीतरी वही घेऊन घरोघर अंगठे जमवतं. भट्टीवर असलेल्या माणसाचा अंगठा कुठून येणार? तो दुसराच कुणी देतो. दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीत मतदारयादी आणि वही शेजारी ठेवली की हे उघडं पडतं आणि दावा परत येतो. दुसरं नुकसान जास्त खोल आहे. जंगलात सगळ्यात जास्त वावर कातकऱ्यांचा. कंद कुठे, खेकडे कुठल्या ओहळात, मध कुठल्या कड्याला, गुळवेल कुठल्या झाडांवर हे त्यांना ठाऊक. तेच सभेत नसले तर तो सगळा भाग नकाशाबाहेर राहतो, आणि जो भाग नकाशात नाही त्यावरचा हक्क नंतर मागणं फार जड जातं.

पाडा महसुली गावाचा भाग असला तरी त्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. शहापूर तालुका अख्खा अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात येतो, मुरबाडची काही गावंच येतात. पेसाचे, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे आहेत, त्यांत पाड्याने ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मागणी करायची वाट दिलेली आहे. हे आधी करून घेतलेलं बरं. चार पाड्यांची मिळून एकच ग्रामपंचायतीची सभा भरवली तर निम्म्या लोकांचा आकडाच इतका मोठा होतो की तो कधी भरत नाही. शिवाय वरच्या पाड्यातल्या म्हातारीने पाच किलोमीटर उतरून यायचं, आणि दूध-भाजी विकणाऱ्या खालच्या गावाने तिच्या जंगलाचा निर्णय करायचा, हे बरोबर नाही.

ग्रामसभा वनहक्क समिती निवडते: दहा ते पंधरा जण, त्यांत दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश बाया. इथे एक बारीक गोष्ट सांगतो. समितीचा सचिव असा निवडावा जो वर्षभर पाड्यात राहतो. दहावी शिकलेला तरुण म्हणून ज्याला नेमतात तो बहुतेक वेळा आसनगावहून लोकलने ठाणे-कल्याणला कामाला जाणारा असतो. वही त्याच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली त्याच्या खिशात. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाची वही सांभाळणारी ताई यांच्यापैकी कुणी असेल तर कागद जागेवर सापडतो.

आता नमुन्यांचं. नमुना 'अ' वैयक्तिक दाव्याचा, म्हणजे कसत असलेल्या प्लॉटचा. नमुना 'ब' सामूहिक हक्कांचा: चराई, गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातला माल), मासे, पाणी. नमुना 'क' सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे पारंपरिक शिवेतलं अख्खं जंगल राखायचा, वाढवायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा. खूप गावं 'ब' भरतात आणि दावा झाला असं समजतात. मग हातात येतं ते जोडपत्र तीन. त्यात गोळा करण्याचा हक्क असतो, व्यवस्थापनाचा नसतो. राखण करायची असेल तर 'क' भरलाच पाहिजे आणि मिळणारा अधिकारपत्राचा कागद जोडपत्र चारचा आहे ना, हे बघितलं पाहिजे. आम्ही दोन्ही नमुने एकाच सभेत, वेगवेगळ्या ठरावांनी मंजूर करून घेतो. दाव्याला कसलीही फी नाही. कुणी मागत असेल तर देऊ नये.

पुरावे किमान दोन लागतात. विदर्भात निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची जुनी नोंद) मिळतं, ते आपल्याकडे शोधत दिवस घालवू नयेत. ठाणे जिल्ह्यासाठी हाताशी असलेला चांगला कागद म्हणजे १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर. जमाती, जंगलातून काय काय काढतात, राब (भाताचं रोप टाकायची जागा) कसा भाजतात हे सगळं त्यात आहे, आणि नियमात गॅझेटियरचं नाव पुरावा म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. दुसरा पुरावा वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन. मात्र निवेदन देणारा स्वतः दावेदार नसावा, म्हणून शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्यांचं घ्यावं. तिसरा पुरावा जमिनीवरचा: वाघोबाचा दगड, मसणवट, जुनी विहीर, गुरांच्या पाण्याचा डोह, मोहाची वाटून घेतलेली झाडं. प्रत्येकाचा फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश आणि त्या जागेचं पाड्यात चालणारं नाव लिहायचं. नाव महत्त्वाचं आहे. 'पाण्याचा डोह' असं लिहिलं तर तो कुठलाही डोह होतो.

ठाण्यात हमखास गुंता होतो तो खासगी वनाचा. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने जिल्ह्यातली पुष्कळ डोंगरजमीन सरकारकडे आली. ती सातबाऱ्यावर सर्व्हे नंबरने दिसते. जुनं राखीव वन मात्र वनखात्याच्या नकाशात कक्ष क्रमांकाने आहे. दाव्यात नुसते कक्ष क्रमांक लिहिले की खासगी वनाचा पट्टा सुटतो, नुसते सर्व्हे नंबर लिहिले की राखीव वन सुटतं. दोन्ही लिहायचे, आणि तलाठ्याच्या गावनकाशावर कक्षांच्या रेषा पेन्सिलने उतरवून तो नकाशा सोबत जोडायचा. हे काम कंटाळवाणं आहे, दोन दिवस जातात. न केल्यास दोन वर्षं जातात.

शीव चालणं हा या सगळ्यातला आमच्या मते सगळ्यात मोलाचा दिवस. दिवस म्हटलं तरी दोन-तीन लागतात. सकाळी सातला निघायचं, बरोबर गुराखी, लाकूडफाट्याला जाणाऱ्या दोन बाया, एक म्हातारा आणि एक मोबाइल हातात धरलेला पोरगा. चालण्याचा क्रम म्हाताऱ्याचा, मोबाइल त्याच्या मागे. उलटं करू नये. पोरगा नकाशातली रेषा बघत पुढे गेला की सगळे नकाशाच्या मागे लागतात आणि शीव चुकते. म्हातारा थांबतो तिथे थांबायचं. एका खिंडीत तो वाकून सुकलेलं गवत पायाने बाजूला सारतो, खाली शेंदराचा पुसट डाग असलेला हातभर दगड निघतो. "हा वाघ्या. इथपत्तोर आपली गुरं, पलीकडं त्यांची." पोरगा तिथे मोबाइल धरून दोन मिनिटं स्थिर उभा राहतो. झाडीत सॅटेलाइटचा पत्ता लागायला तेवढा वेळ लागतो. चालता चालता बिंदू घेतला तर तो दहा-पंधरा मीटर सहज सरकतो. मग बिंदू क्रमांक, जागेचं नाव आणि वळण कुठल्या बाजूला हे वहीत हाताने लिहायचं. वळणावर बिंदू घ्यायचाच, सरळ धारेवर दर पन्नास मीटरला पुरे. मोबाइलची बॅटरी दुपारी बाराला संपते, तेव्हा वहीच कामाला येते. शीव चालायची तर पावसाळा ओसरल्यावर, पण गवत जळायच्या आधी. आश्विन चांगला.

शेजारच्या गावाची शीव आपल्यावर चढते, हेही चालतानाच कळतं. तेव्हा वाद घालत बसायचं नाही, दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांची एकत्र बैठक घ्यायची आणि जे ठरेल ते लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. नियमही हेच सांगतो. जो भाग दोघांचा वापराचा आहे तो 'सामायिक' म्हणून दोन्ही दाव्यांत लिहिला तरी चालतो. न मिटलेला वाद लपवून दावा पुढे पाठवला तर तो पुढे नेमका चुकीच्या वेळी उफाळतो.

जागेच्या पडताळणीला वन आणि महसूल या दोन्ही खात्यांना लेखी कळवायचं, पोच घ्यायची, पोचेवर आवक क्रमांक आणि शिक्का बघूनच घरी यायचं. अधिकारी येतात तेव्हा पंचनाम्यावर त्यांची सही, हुद्दा, तारीख आणि शेरा हवा. आले नाहीत तर काय? २०१२ च्या सुधारणेत याचं उत्तर आहे: खात्याने नंतर 'आम्ही नव्हतो' म्हणून हरकत घेतली तर दावा एकदा ग्रामसभेकडे फेरपडताळणीला येतो, आणि तेव्हाही प्रतिनिधी आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. हे वाक्य आम्ही नोटिशीच्या खाली लिहूनच देतो. एका कार्यालयात आमची फाइल दोनदा 'सापडत नाही' झाली होती. तेव्हापासून प्रत्येक पानावर क्रमांक, तीन प्रती, आणि एक प्रत पाड्यातल्या पत्र्याच्या पेटीत. वाळवी लागू नये म्हणून पेटी विटांवर ठेवायची.

उपविभागीय समितीकडून फाइल जिल्हा समितीकडे, म्हणजे ठाण्याला कोर्ट नाक्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाते. अधिकारपत्रावर जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकासाचे प्रकल्प अधिकारी यांच्या सह्या असतात. कागद हातात आला की हार घालायच्या आधी तीन गोष्टी वाचायच्या. क्षेत्र मागितलं तेवढं आहे का; कमी असेल तर कारण लेखी दिलं आहे का. सीमा नावांसकट उतरली आहे का. आणि कायद्यात नसलेल्या अटी मागच्या पानावर घातलेल्या नाहीत ना. उपविभागीय समितीच्या निर्णयावर हरकत घ्यायला साठ दिवस असतात, ते उत्सवात निघून जातात.

इथवरचं कागदाचं. यानंतर ग्रामसभा वनहक्काच्या नियम ४(१)(ई) प्रमाणे व्यवस्थापनाची समिती नेमते आणि आराखडा करते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये हक्क मिळवून पुढे बांबूचं व्यवस्थापन करून दाखवलं, त्याचं उदाहरण सगळीकडे दिलं जातं. ठाण्यात मात्र तसा बांबू नाही. आपल्याकडचा डोंगर म्हणजे छाटून छाटून खुंट झालेला ऐन, किंजळ, धावडा, साग, मधे घाणेरी (टणटणी) आणि बाकी गवत. त्यामुळे आपल्याकडे पहिला प्रश्न वेगळा: जमिनीत काय जिवंत आहे?

ते मोजायला दहा मीटरच्या चार दोऱ्या पुरतात. चौकोन आखायचा, आतली जिवंत खोडं आणि गुडघ्याच्या वर आलेली रोपं जातवार मोजायची, हेक्टरी किमान दोन चौकोन. चौकोन कुठे टाकायचा ते आधी नकाशावर खुणा करून ठरवावं. जागेवर गेल्यावर निवडलं तर पाय आपसूक सावलीकडे वळतात. आमचा ठोकताळा असा: चौकोनात चार किंवा जास्त जिवंत खोडं असतील तर तिथे एकही खड्डा खणू नये. हेक्टरी चारशे झाडं तिथे जमिनीखाली मुळांसकट तयार आहेत, त्यांना फक्त वर येऊ द्यायचं आहे. मुळं वीस-तीस वर्षांची, म्हणून फुटवा एका पावसात माणसाच्या कमरेला लागतो. पिशवीतलं रोप तिथवर यायला तीन वर्षं घेतं, जगलं तर.

फुटवे विरळणीचं काम जवळून सांगण्यासारखं आहे. ऐनाच्या एका खुंटातून आठ-दहा, कधी पंधरा फुटवे आलेले असतात, सगळे अंगठ्याएवढे जाड आणि एकमेकांना दाबणारे. खुंटाच्या माथ्यावरून निघालेला फुटवा सरळ आणि देखणा दिसतो, पण तो ठेवू नये. जुनं खोड कुजलं की तो वाऱ्याने पायथ्याशी फाटून पडतो. जमिनीला टेकून निघालेला, किंचित वाकडा का असेना, तोच निवडायचा, कारण त्याला पुढे स्वतःची मुळं धरतात. पहिल्या वर्षी दोन ठेवायचे, तिसऱ्या वर्षी एक. बाकीचे काढताना कोयत्याचा घाव खालून वर, तिरका. वरून खाली मारला तर साल चिरत जाते आणि राखलेल्या फुटव्यालाही इजा होते. सपाट कापलं तर कापावर पाणी साचून बुरशी धरते. कोयता धारदार हवा, दुपारी एकदा दगडावर लावून घ्यायचा. हंगाम पौष-माघ, नवी पालवी यायच्या आधी. सराव झालेला माणूस दिवसभरात बरेच खुंट उरकतो, पण अंगावर घेतलेल्या कामाच्या हिशेबाने मजुरी दिली तर घाईत देखणा माथ्याचा फुटवाच राहतो. म्हणून हे काम रोजंदारीवरच करावं.

आणि निघालेला टहाळ, म्हणजे पानांसकट फांद्या, जातो राबाला. ठाणे जिल्ह्यात जंगल आणि शेती यांचं भांडण राबावरूनच जुनं आहे. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, टहाळ, पातेरा, गवत आणि वर माती पसरून ते भाजतात. तण मरतं, राखेचं खत होतं, रोप जोमदार येतं. त्यासाठी दरवर्षी ऐन-किंजळ खरडून छाटले जातात. इंग्रजांनी राबावर बंधनं घातली तेव्हा इतका असंतोष झाला की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. आजही 'राब बंद' असा ठराव केला तर तो रात्रीच मोडतो, आणि मोडणाऱ्याला दोष देता येत नाही, त्याला भात पिकवायचं आहे. आम्ही पाड्यांत दोन गोष्टी सुचवतो. विरळणीत निघणारा टहाळ घरटी वाटून घ्यायचा आणि राबाची झाडं बांधावरची ठरवून द्यायची, दर तिसऱ्या वर्षी एक झाड छाटायचं, शेंडा कधीच नाही. दुसरी गोष्ट गादीवाफा आणि भाताच्या तुसाची काळी राख, भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतली. तिच्यात वाफा लहान लागतो आणि टहाळ लागत नाही. पहिल्या वर्षी चार-पाच घरं करून बघतात. त्यांचं रोप बघून दुसऱ्या वर्षी आणखी येतात. सक्ती केली की कुणीच येत नाही.

चराई बंद करायची तर एका वेळी जंगलाच्या एक तृतीयांश भागात, आणि तो भाग गुराख्यांनी निवडायचा. पाण्याच्या वाटेवरचा भाग बंद केला की बंदी टिकत नाही. गाईगुरं एक वेळ परवडतात, शेळीचं तोंड पाच फुटांपर्यंत पोचतं, म्हणून राखलेला फुटवा तिच्या डोक्यावर जाईपर्यंत, साधारण तीन-चार पावसाळे, तो भाग बंद. गवत मात्र खुलं: कापून न्या, सोडू नका. कापलेल्या गवताने घरच्या गुरांचं भागतं आणि वणव्याला इंधनही कमी उरतं. दंड ग्रामसभेने ठरवावा आणि तो सरपंचाच्या गुरांनाही लागला पाहिजे. पहिला दंड कुणाचा होतो यावर पुढची पाच वर्षं ठरतात.

वणव्याचा सरकारी हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेला पट्टा, त्याआधी तयार हवी. खातं रुंद रेषा घेतं, पाड्याच्या हाताने तीन मीटरची रेषा होते आणि धारेवर ती पुरते. उतारावर मात्र दुप्पट हवी, कारण आग चढाला धावते. गवत कापून रेषेच्या आतल्या बाजूला ढीग करून ठेवला तर रेषेचा उपयोग शून्य. गवत उचलून न्यायचं, उरलेला पातेरा वाऱ्याचा अंदाज घेऊन संध्याकाळी, थंडाव्यात, हिरव्या फांद्या घेतलेली माणसं दोन्ही बाजूंना उभी करून जाळायचा. आणि रेषा एकदा केली की झाली असं होत नाही. मार्चमध्ये साग-ऐनाचा पाला गळून ती पुन्हा भरते, तेव्हा परत झाडावी लागते. बहुतेक वणवे इथूनच आत शिरतात.

वणवा लावणारा बाहेरचाच असतो असंही धरून चालू नये. मोहाखालचा पाला पेटवतात, म्हणजे पडलेलं फूल स्वच्छ वेचता येतं. तीच ठिणगी रात्रीत डोंगर घेते. त्याला साधा उपाय: मोहाखाली जुनी लुगडी किंवा शेडनेटचं कापड अंथरायचं. फूलही मातीविना मिळतं. मोहाची झाडं घरांत वाटलेली असतात, त्यामुळे कुठल्या झाडाखाली आग लागली हे सभेत सगळ्यांना कळतं. राबाचंही वेळापत्रक करावं: कुणाचा राब कुठल्या संध्याकाळी, भोवती दोन मीटर साफ, पाण्याचे दोन हंडे जवळ.

घाणेरी काढणं हे चिकाटीचं काम. कोयत्याने कापली तर दुप्पट फुटते. जमिनीखाली दोन-तीन बोटं, जिथे खोडाची मुळं होतात त्या मानेवर कुदळीचा घाव घालून झुडूप उपटायचं आणि मुळं वर करून उलटं ठेवायचं, जमिनीला टेकू द्यायचं नाही. फळं पिकायच्या आत हे झालं पाहिजे. सगळा उतार एका दमात मोकळा केला तर पहिल्या पावसात माती वाहते. समपातळीवर पट्टे पाडून, एक काढायचा, एक ठेवायचा. पुढचे दोन-तीन पावसाळे रोपटी उपटत राहायची. हे ज्या आराखड्यात लिहिलेलं नाही तो आराखडा घाणेरीचाच आहे.

सलग समतल चरांबद्दल (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले लांब चर) आमचं मत स्पष्ट आहे: आपल्या जिल्ह्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे उतारावर सलग चर घेऊ नयेत. जुलैतल्या एका रात्री चर भरतो, सगळ्यात कच्च्या जागी फुटतो आणि तिथून खाली नवी घळ पडते. तीन-चार मीटरचे तुटक चर, दोन फूट रुंद, एक फूट खोल, वरच्या ओळीतल्या फटीखाली खालच्या ओळीतला चर. पातळी ए-फ्रेमने काढायची. तीन बांबू, एक दोरी, एक दगड. डोळ्याने काढलेली पातळी कायम ओहळाकडे झुकते.

जिथे खरोखर काही उरलेलं नाही, तिथेच लागवड. तीन बाय तीन मीटरवर हेक्टरी १,१११ रोपं बसतात, तेवढी लावायचा अट्टहास नको. खड्डे एप्रिल-मेमध्ये, दीड फूट लांब-रुंद-खोल. मुरमात एक फूट पुरतो, खाली टिकाव चालत नाही. रोपं पाड्यातल्या बायांनी केलेली हवीत. बाहेरून येणाऱ्या टेम्पोत गुलमोहर आणि सुबाभूळच निघतात, आणि ज्या झाडाचा कुणाला उपयोग नाही त्याला कुणी पाणीही दाखवत नाही. मोह, हिरडा, बेहडा, आवळा, चार (चारोळीचं झाड), काकड, आपटा, करंज ही बायांनी सांगितलेली यादी. तिच्यात बदल करू नये. मोहाचं बी पडल्यापासून दोन-तीन आठवड्यांत पेरलं नाही तर रुजत नाही, म्हणून ते जूनमध्येच पिशवीत जातं आणि रोप पुढच्या वर्षी लावतात. जांभळाचंही तेच. बेहडा दोन दिवस पाण्यात भिजवावा. हिरड्याचं कवच टोकाशी किंचित फोडावं, नाहीतर तो महिनोनमहिने नुसता बसून राहतो. पिशवी पाच बाय आठ इंचांची, दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. लावताना पिशवीच्या तळाचं बोटभर मूळ कापून टाकायचं. तिथे मुळांची वेटोळी झालेली असतात, ती तशीच गेली तर झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी उभ्या उभ्या वाळतं आणि कारण कळत नाही.

लावायची वेळ: दोन-तीन चांगले पाऊस होऊन खड्ड्यातली माती वीतभर ओली झाली की लगेच, आणि आवणी लागायच्या आत. जूनचा दुसरा पंधरवडा. हा आठ-दहा दिवसांचा झरोका हुकला की पाडा शेतात जातो आणि रोपं पिशवीत पिवळी पडतात. ठाणे-नवी मुंबईतून उत्साहाने बस भरून येणाऱ्या मंडळींना आम्ही मनापासून एक विनंती करतो. तुम्ही जुलैच्या रविवारी येता तेव्हा पाड्यातला प्रत्येक हात चिखलात असतो. तुमच्यासाठी त्यांना आवणी सोडावी लागते. त्याऐवजी आश्विनात या. तेव्हा गवत कमरेइतकं झालेलं असतं, त्याखाली जूनमधलं रोप उजेडाला तडफडत असतं. रोपाभोवती हातभर गोल मोकळा करायचा, कापलेलं गवत बुडाशी आच्छादन म्हणून घालायचं, पण खोडाला चिकटवायचं नाही. आणि मग फेब्रुवारीच्या आधी जाळरेषेला या. फोटो चांगला येत नाही, पण रोपं यावरच जगतात.

मजुरी हा शेवटचा आणि सगळ्यात नाजूक धागा. विरळणी, चर, जाळरेषा, खड्डे ही सगळी कामं थंडी-उन्हाळ्यातली, म्हणजे नेमकी वीटभट्टीच्या हंगामातली. रोजगार हमीतून ती पाड्यावर मिळाली तर माणूस थांबू शकतो. पण उचल पावसाळ्यात घेतली जाते, मस्टर (कामाचा हजेरीपट) निघतं डिसेंबरमध्ये, आणि पैसे खात्यावर येतात त्याहून उशिरा. तोवर घर निघून गेलेलं असतं. म्हणून कामाची मागणी नागपंचमीनंतरच्या त्याच ग्रामसभेत लिहून द्यायची, कुठल्या घरातलं कोण किती दिवस काम करणार हे नावानिशी, आणि तिचीही पोच घ्यायची. बचत गटाने त्या काळात थांबणाऱ्या घरांना धान्यापुरतं उसनं देण्याची सोय केली तर आणखी चार कुलुपं उघडी राहतात.

मोजणी दरवर्षी एकदा, मे संपताना, भट्टीवरून माणसं परतली की. पावसाळ्यानंतर मोजलं तर सगळंच हिरवं आणि सगळंच जिवंत दिसतं. तेच चौकोन, त्याच चार दोऱ्या, राखलेल्या फुटव्याला छातीच्या उंचीवर टेप. आकडे समाजमंदिराच्या भिंतीवर चुन्याने लिहायचे: चौकोनाचं नाव, गेल्या वर्षीची खोडं, यंदाची, जळलेली. मेलेल्या रोपांचा आकडाही तितक्याच मोठ्या अक्षरात. पाऊस पडून तो पुसला जायच्या आत वहीत उतरवायचा, कारण नागपंचमीनंतर सभेत तीच वही उघडायची असते.